हरभऱ्याएवढा निखारा

साहेब, तुम्ही कापड चोरलं नाही. कापडातलं औषध चोरलं.

जॅकेटं मापात आली. शिवण दुहेरी आली, बटणं पुरी आली, छातीवर कंपनीचं नाव सरळ रेषेत आलं. फक्त ज्या एका गोष्टीसाठी ती मागवली होती, तेवढीच त्यात नव्हती. आणि हे तुम्हाला माहीत होतं. कशावरून म्हणतो तेही मी सांगतो, पण जागेवर आल्यावर सांगतो. तुमचं नाव लिहीत नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जितकी गेटं तितके साहेब. चोराच्या मनात चांदणं, एवढं पुरे.

मी स्टोअरला असतो. आलेली पेटी फोडायची, आतली चिठ्ठी वाचायची, माल फळीवर लावायचा. वाचायची सवय मला तिथंच लागली. शाळेत लागली असती तर आज मीच कुणाचा तरी साहेब असतो, आणि असं काही लिहायची वेळ आली नसती. असो.

आमचा ओतकामाचा कारखाना. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं. भट्टीवर दहाजण. त्यातला एक हनुमंत. वितळलेल्या लोखंडाला आम्ही रस म्हणतो. हे वाचून कुणाला गुऱ्हाळ आठवलं तर त्यानं एकदा येऊन बघावं. रस ओतताना ठिणग्या उडतात, त्या माणसाचं तोंड बघून उडत नाहीत. म्हणून भट्टीवाल्यांना सुती जॅकेट, पण औषध लावलेलं. ठिणगी पडली तर काळा ठिपका पडावा, कापड पेटू नये.

हनुमंतची आई बनुबाई. सगळे तिला बनुमावशी म्हणतात. गेटाच्या डाव्या हाताला पत्र्याखाली तिचं इस्त्रीचं टेबल, वीस वर्षं. इस्त्री कोळशाची, उचलताना माझ्यासारख्याचा खांदा उतरतो. भट्टीची जॅकेटं धुवायची आणि इस्त्री करायची, हे काम कंपनीनं तिच्याकडं दिलेलं. धुणं घरी, बोअरच्या पाण्यात. आमच्याकडच्या बोअरचं पाणी असं जड की साबण झिजतो, फेस काही येत नाही.

तिच्या टेबलावर अंथरलेलं कापड मी रोज बघत होतो आणि कधीच बघितलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीचं भट्टीचं जुनं जॅकेट. बाह्या फाटल्या म्हणून टाकून दिलेलं. तिनं ते उसवून टेबलावर ताणून बसवलं. इस्त्रीच्या भोकांतून रोज दोन-चार निखारे त्यावर पडायचे. पडायचे आणि तिथंच मरायचे. सहा वर्षांत ते कापड काळे तीळ लावलेल्या भाकरीसारखं झालं होतं. भोक मात्र एक नाही. मावशी बोलत बोलत निखारा बोटानं उडवायची, जशी पाठीवरची माशी उडवावी. घाई कसली ती नाही.

ही घाई नसणं लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत नवी जॅकेटं आली. अकरा. दहा भट्टीची आणि एक तुमचं, कारण पंधरा दिवसांनी पुण्याहून मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती आणि तुम्हाला त्यांच्या बरोबर भट्टीपाशी फोटो काढायचा होता. मी पेटी फोडली तेव्हा तुम्ही स्वतः स्टोअरला आलात. वर्षात पहिल्यांदा. एक जॅकेट उचललंत, मुठीत गच्च चुरगळलंत, सोडलंत. कापड पाण्यासारखं सरळ झालं. तुम्ही म्हणालात, बघ, सुरकुती म्हणून नाही. झाली तपासणी. पेटीतल्या दाखल्यावर, जिथं इंग्रजीत छापलं होतं की हे कापड पन्नास धुण्यांपर्यंत पेट घेणार नाही, तिथं तुम्ही पेनानं लिहिलंत, ‘तपासले. योग्य.’ खाली सही, शिक्का, तारीख. मला म्हणालात, सूचना फलकावर लाव. शिक्का असलेला प्रत्येक कागद फलकावर लागलाच पाहिजे, हा तुमचा नियम. लावला.

मग तुम्ही आणखी एक सांगितलंत. पाहुणे येताहेत, जॅकेटं कडक पाहिजेत. अकरावं तुम्ही घडी घालून घरी नेलंत. बाकी दहा मी मावशीकडं नेली आणि निरोप दिला. मावशीच्या शब्दकोशात कडक म्हणजे खळ. तिनं तांदळाची खळ शिजवली आणि दहाही जॅकेटं त्यात बुडवली. आपल्याकडं मोठा माणूस येणार म्हटलं की कापडाला खळ लागतेच, मग ते लग्नातलं धोतर असो नाहीतर भट्टीचं जॅकेट.

कॉलरच्या आत चिठ्ठी होती. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. त्यात लिहिलं होतं, खळ घालू नये. मी ते वाचलं होतं. आणि बोललो नव्हतो. साहेबानं सांगितलंय, आपण कशाला नाक खुपसा. ही माझी चूक. आधीच लिहून टाकतो, म्हणजे तुम्हाला ती शोधायचे कष्ट नकोत.

आता घडलं ते असं. मावशी तिसऱ्या जॅकेटावर होती. चहावाल्याशी त्याच्या सुनेवरून बोलणं चाललेलं. इस्त्रीच्या भोकातून हरभऱ्याएवढा निखारा निसटला आणि बाहीवर बसला. मावशीनं बघितला. पण भट्टीचं कापड आहे, जातोय कुठं, म्हणून आधी वाक्य पुरं केलं. वाक्य संपेपर्यंत बाही वितीएवढी पेटली होती. तिनं शिंपडायच्या पाण्याचा तांब्या ओतला. बाहीची तेवढी काळी राख झाली. तिच्या खालचं टेबलावरचं जुनं कापड नुसतं थोडं तांबूस झालं.

ती जॅकेट घेऊन स्टोअरला आली. माझी समजूत, माफी मागायला आली असेल. तिनं ते माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाली, “कल्याणा, ह्ये भट्टीचं न्हाई.”

मी म्हटलं, मावशी, पेटी मीच फोडली, भट्टीचंच आहे.

“मंग तू घाल आन हुबा ऱ्हा.”

मी जॅकेट घेऊन तुमच्या केबिनमध्ये आलो. तुम्ही जळक्या बाहीकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, मग विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे. पहिला प्रश्न हा. हनुमंत कुठं आहे हा नाही. मग तुम्ही चिठ्ठी वाचलीत, खळीची ओळ सापडली आणि तुमचा जीव भांड्यात पडला. म्हणालात, बघ, खळ घातली. खळ पेटते. बाईची चूक. मी म्हटलं, साहेब, कडक तुम्हीच सांगितलंत. तुम्ही म्हणालात, कडक म्हणालो होतो, खळ म्हणालो नव्हतो. आणि सांगितलंत की त्या बाईनं चूक कबूल केल्याचा जबाब लिहून द्यावा, नाहीतर टेबल गेटावरून उचलावं. दुसऱ्या दिवसापासून उरलेली नऊ जॅकेटं घालून नऊजण भट्टीवर उभे होते, दहावा हनुमंत शर्टावर. पाहुणे येईपर्यंत काम थांबवायचं नाही असं तुमचं म्हणणं.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कारण खळीचा निरोप नेणारा मी. खळीमुळंच पेटलं असेल तर माझ्या हातानं पेटलं.

म्हणून मी दानीएल सरांकडं गेलो. ते आमच्याकडं साच्याची वाळू तपासतात. सावेडीला राहतात, कंपनीच्या बसनं येतात. रविवारी चर्चमध्ये गातात आणि सोमवारी त्यांचा घसा बसलेला असतो. त्याआधी दहा वर्षं इचलकरंजीला कापडावर औषधं चढवायच्या कारखान्यात होते. मी जळकी बाही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती नाकाशी धरली, वासानं त्यांचे डोळे चुरचुरले, आणि म्हणाले, बस.

त्यांनी मला जे सांगितलं ते मला समजलं, म्हणजे ते कुणालाही समजेल. सुती कापड गरम झालं की त्यातून वायू सुटतो. पेटतो तो वायू, कापड मागून जळतं. आगीचं औषध लावलेल्या कापडात तो वायू फारसा तयारच होत नाही. कापडाचा जागीच कोळसा होतो आणि ज्योत उपाशी मरते. सुरकुतीचं औषध निराळं. ते धाग्यांच्या आत गाठी मारतं, म्हणून चुरगळलं तरी कापड परत सरळ होतं. दानीएल सर म्हणाले, “एक औषध कापडाला मरायला शिकवतं, दुसरं नुसतं ताठ उभं राहायला. आपल्याकडं दुसऱ्यालाच मान जास्त.”

मी विचारलं, मग खळ?

ते म्हणाले, खळीचा दोष असू शकतो. खळ पेटते. जड पाण्यात साबण घातला की कापडावर जो चिकट थर बसतो, तोही पेटतो. चांगलं औषध लावलेलं कापडसुद्धा असल्या धुण्यानं बिघडतं. साहेबाला खोटं ठरवायचं असेल तर आधी खळ आणि थर दोन्ही काढायला हवं, आणि ते बोअरच्या पाण्यानं निघणार नाही. हलकं पाणी पाहिजे.

कारखान्यात हलकं पाणी एकाच ठिकाणी येतं. तुमच्या केबिनमध्ये, निळ्या जारमध्ये, फक्त तुमच्यासाठी.

तो जार मी चोरला. मंगळवारी, तुम्ही जेवायला गेल्यावर. शोध घेत होतात ना, तर घ्या. जागी बोअरच्या पाण्यानं भरलेला दुसरा जार ठेवला. दुपारी तुम्ही शिपायाला म्हणालात की आज चहाला चव आहे. हे शिपायानं सगळ्या कारखान्याला सांगितलं. दानीएल सरांना एवढं हसू आलं की त्यांना बर्नर लावता येईना.

मावशीला बोलावून घेतलं. तिचं टेबलावरचं कापड घेऊन ये म्हटलं. ती आली, हनुमंतही आला. वाळूच्या प्रयोगशाळेत आम्ही जळक्या जॅकेटाची धड असलेली बाजू कापली आणि तुमच्या पिण्याच्या पाण्यात तीनदा धुतली. धुतली मावशीनंच, आम्हाला हात लावू दिला नाही. दानीएल सरांनी प्रथमोपचाराच्या पेटीतलं आयोडीन आणलं. धुण्याआधीच्या तुकड्यावर थेंब टाकला, तर गर्द निळाकाळा झाला. म्हणजे खळ. धुतलेल्यावर टाकला, तर नुसता पिवळट डाग. खळ गेली.

मग दोन पट्ट्या. एक धुतलेल्या नव्या कापडाची, एक मावशीच्या टेबलावरच्या कापडाची, सहा वर्षं निखारे खाल्लेली. पट्टी उभी लटकवायची, खालून बारा सेकंद ज्योत धरायची, मग काढायची. चांगलं कापड दोन सेकंदांत आपोआप विझतं. आधी जुनी पट्टी. ज्योत काढली आणि ती विझली. खालचं टोक काळं, ताठ, बोटानं मोडलं. मग नवी. ज्योत काढली तरी ती वर चढत राहिली, जिना चढावा तशी. पार चिमट्यापाशी आली तेव्हा दानीएल सरांनी ती पाण्यात टाकली.

हनुमंतनं स्वतःच्या बाह्यांकडं पाहिलं. त्याच्या अंगात शर्टच होता, पण पाहिलं.

दानीएल सर म्हणाले, यात सुरकुतीचं औषध आहे. आगीचं नाही. लावलंच नाही.

मावशी म्हणाली, तिला पहिल्याच दिवशी शंका आली होती. जॅकेटं दोरीवरून उतरवली तर इस्त्री केल्यासारखी. इस्त्री ठेवली की डोळे चुरचुरायचे. तिला वाटलं, नवीन तऱ्हा असेल, आपल्या पोटावर पाय आणणारी. “मला वाटलं, ह्येन्ला इस्तरी नको. पर ह्येन्ला त जित्ता मानूसबी नको.”

हनुमंत उठला. ते जॅकेट तुमच्या टेबलावर टाकून येतो म्हणाला. आईनं त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं. चाळीशीचा गडी, पण बसला. ती मला म्हणाली, सायबाला जबाब पाहिजे ना? मी म्हटलं, हो. म्हणाली, “मंग देऊ की. लई चांगला देऊ.”

गुरुवारी सकाळी तुमच्या केबिनमध्ये जबाब झाला. तुम्ही होता, मावशी होती, आणि मी होतो, कारण मालाचे नंबर मला ठाऊक. तुम्ही मावशीला बस म्हणाला नाहीत. तिनं टेकायला भिंत शोधली. जबाब तुम्ही आधीच टाइप करून ठेवला होता, एका ओळीचा. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे जॅकेट जळाले.’ खाली सही करायची.

मावशीनं मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली की एवढ्यावर भागायचं नाही. “सायेब, माझी चूक ह्येच्याहून मोठी हाय. ती पुरी लिवा. देवाच्या दारी अर्धं चालत न्हाई.”

तुमचा चेहरा काय खुलला. असा आरोपी तुम्हाला जन्मात भेटला नव्हता. खुर्ची पुढं ओढून तुम्ही स्वतः टाइप करायला बसलात.

ती सांगत गेली, तुम्ही लिहीत गेलात. निखारा एकच होता, लिहा. केवढा, लिहा. हरभऱ्याएवढा. तुम्ही विचारलंत, हे कशाला. ती म्हणाली, उद्या कुणी म्हणायला नको की बाईनं इस्त्रीच उपडी केली. पटलं तुम्हाला. वारा नव्हता, लिहा. निखारा बाहीवर पडल्यापासून पाणी ओतेपर्यंत किती वेळ, तर चहावाल्याची सून माहेरी गेली हे सांगण्याइतका. तुम्ही ‘अंदाजे दहा सेकंद’ लिहिलंत. तेवढ्यात बाही वितीएवढी पेटली, लिहा. मालाचा नंबर मी सांगितला, तुम्ही लिहिलात. मग तुम्ही आपल्या मनानं लिहिलंत, ‘बनुबाई यांनी जॅकेटास खळ घातली होती.’ आणि तिच्याकडं बघितलंत, की आता ही चिडेल.

ती म्हणाली, “एकाला न्हाई सायेब. धाबी जाकिटान्ला घातली. धा लिवा.”

तुम्ही दहा लिहिलंत. खाली सही केलीत, ‘माझ्यासमोर.’ शिक्का मारलात, जरा जोरातच. मावशीनं सही केली. अंगठा नाही, सही. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, सावकाश, ‘बनुबाई’मधल्या ‘ई’चा वरचा फाटा नीट ओढून. मग एक झेरॉक्स मागितली, घरात दाखवायला. तुम्ही दिलीत. वर म्हणालात, टेबल राहू दे गेटावर, चिंता करू नको. बाहेर आल्यावर ती म्हणाली, मानूस वाईट न्हाई, नुस्ता वाचत न्हाई.

शिक्का असलेला प्रत्येक कागद फलकावर. नियम तुमचा. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी तो जबाब फलकावर लावला, तुमच्या दाखल्याच्या शेजारी, चार टाचण्या मारून. एका कागदावर तुमची सही, की हे कापड पेटत नाही. दुसऱ्यावर तुमचीच सही, की ते हरभऱ्याएवढ्या निखाऱ्यानं दहा सेकंदांत वितीएवढं पेटलं. दोन्हींवर तोच मालाचा नंबर. बरं, खळीचा दोष म्हणावा, तर खळ दहाही जॅकेटांना होती आणि तुम्ही ती रोज दहाजणांपैकी नऊजणांच्या अंगावर भट्टीपाशी पाठवत होता. तीही तुमच्याच सहीनं. मावशीनं तुम्हाला पळायला एकही बोळ ठेवला नव्हता, आणि भिंती तुमच्याकडूनच बांधून घेतल्या होत्या.

पाहुण्यांच्या पुढं राजेश्वरी मॅडम होत्या. गिऱ्हाइकाकडच्या मोठ्या इंजिनिअर, राहात्याकडच्या. हेल्मेट घालताना माणूस फलकासमोर उभा राहतो, तशा राहिल्या. हेल्मेटचा पट्टा लावता लावता वाचायला लागल्या. पट्टा अर्धाच राहिला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, परत पहिला वाचला. मोबाईलवर दोन्हींचा एक फोटो काढला. तुम्हाला वाटलं, कौतुकानं काढताहेत. तुम्ही फलकाच्या बाजूला उभं राहायलाही निघाला होता.

भट्टीपाशी गेलो. जमिनीवर पिवळी पट्टी आहे. पट्टीच्या आत फक्त जॅकेटवाले. मॅडम बाहेर थांबल्या. पट्टीच्या आत हनुमंत आणि खळीनं कडक, परीटघडीचे बाकीचे नऊजण. जळक्या जॅकेटाऐवजी तुम्ही हनुमंतला दहावं पुरवठादाराकडून त्याच मालातलं मागवून दिलं होतं. तुम्ही पट्टीच्या बाहेर, अकराव्या जॅकेटात. फोटोवाला तयार. रस तयार, उजेडानं डोळे दिपत होते.

मॅडम तुम्हाला म्हणाल्या, “तुम्हीही जॅकेट घातलंय. आत जा ना. ओतताना जवळून दाखवा.”

काय सांगू साहेब, त्या दहाजणांनी काय आदर दाखवला. अशी सरकून जागा केली जशी देवळात महाराजांना करतात. हनुमंतनं तर गमछ्यानं जमीन पुसली, जिथं तुम्ही उभे राहणार तिथली. आणि हात पुढं केला, “या ना सायेब. कापड तपासल्यालं हाय.”

तुमचा डावा पाय पट्टीपर्यंत आला. बुटाचं टोक पिवळ्या रंगावर आलं. तिथं ते थांबलं. मग मागं गेलं. आणि तुमचा मोबाईल वाजला म्हणून तुम्ही कानाला लावून बाजूला गेलात. मी शेजारीच होतो. मोबाईल वाजला नव्हता. पडदा काळा होता.

तुम्हाला माहीत होतं, हे मला तेव्हा पक्कं कळलं. तुमच्या बुटानं सांगितलं.

मॅडमनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, आज रस ओतायचा नाही. खरी जॅकेटं येईपर्यंत ओतायचा नाही, आणि आली की आधी कापडाची पट्टी जाळून दाखवायची. तुम्ही लांबून फोनशी बोलतच होता. बराच वेळ बोललात. समोरचा मोठा धीराचा असणार.

अठरा दिवसांनी दुसरी जॅकेटं आली, दुसरीकडून. दानीएल सरांनी पट्ट्या जाळल्या, लिहून ठेवलं, सगळं रीतसर. पण दहाजणांपैकी एकानंही जॅकेट अंगात घातलं नाही. एकामागं एक गेटाबाहेर गेले. मावशीनं इस्त्रीतून एकेक निखारा चिमट्यानं काढला आणि प्रत्येकाच्या जॅकेटाच्या खालच्या काठावर, आतल्या अंगानं, ठेवला. आणि मुद्दाम दुसरीकडं बघत चहावाल्याच्या सुनेची चौकशी केली. निखारा मेला. काळा ठिपका राहिला. दहाही जॅकेटांना आता तो ठिपका आहे. भट्टीवर नवा माणूस आला की हे लोक काठ उलटून त्याला दाखवतात. खळ मात्र नाही. जॅकेटं चुरगळलेली असतात, सुरकुत्यांनी भरलेली, आणि ती घालणारी माणसं धड आहेत.

इथं मी थांबलो असतो. पण परवा तुम्ही दोन कागद काढलेत. शिक्का असल्यामुळं दोन्ही मीच फलकावर लावले.

पहिल्यात वरच्या ऑफिसला तुमचा खुलासा. एकच ओळ. ‘कापड योग्य होते, खळीमुळे पेटले.’ दुसऱ्यात आदेश, की कोळशाच्या इस्त्रीमुळे गेटावर आगीचा धोका असल्यानं बनुबाईचं टेबल हटवण्यात येत आहे. वीस वर्षं तो धोका दिसला नाही, जबाबानंतर दिसला. मावशी आता रस्त्यापलीकडं बसते, चहावाल्याच्या शेजारी. तिची काही तक्रार नाही. म्हणते, सुनेची बातमी आता सरळ कानावर येते.

तक्रार माझी आहे. आणि ती एका प्रश्नाची आहे, साहेब. खळ दहा जॅकेटांना होती. हे तुमच्या सहीचा जबाब सांगतो. अकरावं तुमचं. ते मावशीकडं गेलंच नाही. ते तुम्ही पेटीतून उचलून घरी नेलंत आणि तसंच, कोरं, बिनखळीचं, त्या दिवशी अंगात घातलंत. कापड योग्य होतं म्हणता. खळ तुमच्या अंगावर नव्हती. ठिणगी तुमचं काही वाकडं करणार नव्हती. हनुमंतनं जमीनसुद्धा पुसून दिली होती.

मग पट्टीच्या आत पाय का टाकला नाहीत? लेखी उत्तर द्या. सही करा, शिक्का मारा. फलकावर जागा ठेवली आहे, चार टाचण्याही ठेवल्या आहेत.